वरची बोटी

पळीभर लाल रस्सा थेट त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला आणि अरिनोलाचा जीव अर्धा झाला. इबादानच्या बाजारात, मावशीच्या अमालाच्या, म्हणजे कंदाच्या पिठाच्या उकडीच्या टपरीवर, दुपारच्या गर्दीत वाढताना तिला कुणाचा तरी धक्का लागला होता.

"पाम तेलाचा डाग जात नाही म्हणतात," तो म्हणाला.

"साबण लावून बघा."

"नको... राहू दे. रोज येऊन दाखवत जाईन."

हा लाबी. समोरच्या आळीतला शिंपी, अंगानं काडी, डोळे मात्र भलतेच आगाऊ. बोलल्याप्रमाणे रोज यायला लागला.

बाजाराची रीतच अशी, की आवडत्या गिऱ्हाइकाला वर काहीतरी फुकट घालायचं; त्याला जारा म्हणतात. अरिनोला त्याच्या अमालाच्या काळ्या गोळ्याशेजारी चरबीनं थबथबलेली एक तळलेली बोटी जास्त ठेवायची, वर पळीभर तेल. मनातलं बोलायला तिची जीभ रेटत नव्हती, मग बोटीच बोलायची.

"एवढं खाता, अंगाला कसं लागत नाही हो तुमच्या?"

"लागतं की... आत," छातीवर हात ठेवून तो म्हणाला. ती लाजून चूर.

मग एक दिवस नर्सबाई बाजारात रक्त तपासायला बसल्या. मावशीचा घेर बघून सगळे हसले, पण तिचं रक्त चांगलं निघालं. लाबी ऐटीत पुढं झाला. बाईंनी त्याचं एक बोट टोचलं, मग दुसरं मागितलं.

"चरबी फार आहे रक्तात. वडील आहेत?"

"नाहीत. चाळिशीतच... कापड कापता कापता छाती धरून बसले."

"मग अंगकाठीवर जाऊ नका. बारक्या माणसाच्याही नसा तुंबतात. दवाखान्यात या. आणि ते तेल, त्या चरबीच्या बोट्या बंद."

मागं उभ्या अरिनोलाच्या पायाखालची जमीनच सरकली. इतके दिवस आपण याला काय वाढत होतो? जीव लावला म्हणता म्हणता जीवावरच उठलो होतो की आपण.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला चवळी, पालेभाजी आणि वाफवलेला मासा वाढला. तेल नाही, जारा नाही. मावशी आ वासून बघत राहिली. भर बाजारात जारा तोडायचा म्हणजे तोंडावर दार लावायचं.

"माझं काही चुकलं?" त्यानं हळूच विचारलं; नर्सबाईंचं बोलणं त्यानं केव्हाच मनाबाहेर टाकलं होतं.

"जेवा." सगळ्यांसमोर तिला एवढंच सुचलं.

तो ताट तसंच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टपरीवर बसला, समोर बोट्यांचा ढीग. अरिनोलानं पळी टाकली, तरातरा गेली आणि त्याच्या हातातली बोटी काढून घेतली. अख्खा बाजार थक्क.

"स्वतः द्यायचं नाही, दुसरीकडं खाऊ द्यायचं नाही... हा कुठला न्याय?"

"मरायचंय का तुला?" 'तू' कधी तोंडातून निघालं, तिलाच कळलं नाही. "तुझे केस पांढरे झालेले बघायचेत मला. त्या बोट्या... मला तू आवडतोस म्हणून घालत होते रे. मीच घालत होते." आणि ती रडायलाच लागली.

लाबीनं घसा खाकरला.

"बरं... मग चवळीवर जारा काय देशील?"

"वर्षं," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्यासोबतची."

त्यानं ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि मावशीच्या टपरीपुढं रांगेत जाऊन उभा राहिला.