चौथं कडवं

स्नेहाच्या लग्नात दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली आणि सव्वीस मिनिटांनी परत आली. वीजवाल्यांनी इतकं नेमकं काम आजवर केलं नव्हतं.

लाईट गेली तेव्हा वरपक्षाची पंगत बसली होती. डीजे गप्प झाला. मांडवामागे भाताच्या गंजांजवळ वधूकडच्या बायका होत्या, आणि शांतता त्यांना सोसत नाही. त्यांतल्या शकुबाईनं पदर खोचला आणि व्याह्याची, म्हणजे इकडच्या 'इवाया'ची, गाणी काढली. व्याही जेवायला बसला की मागून बायकांनी त्याची रेवडी उडवायची, ही इकडची जुनी रीत. तीन कडवी ठरलेली असतात. चौथं मात्र म्हणणारीनं तिथल्या तिथं, आपल्या मनानं जोडायचं. शकुबाईनं पन्नास वर्षांत एक चौथं दोनदा म्हटलं नव्हतं. पण त्या दिवशी तिचा घसा बसला होता, म्हणून तिनं अश्विनीला पुढे ढकललं.

अश्विनी म्हणजे संत्र्याच्या बगिच्यावाल्या मोतीरामची तेवीस वर्षांची मुलगी, वधूची मैत्रीण. स्टेशन रोडवर तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर होतं. हातात काहीतरी असावं म्हणून तिनं तांदळाच्या पोत्यावर पडलेला माईक उचलला. तो बंदच होता. लाईट नव्हती ना.

लाईट आली तेव्हा दुसरं कडवं सुरू होतं.

"विहीणबाईची खाट वाजते करकरा,
इवाई म्हणते, मांजर शिरली घरा..."

चार भोंग्यांतून ते जाम नदी ओलांडून सावरगावपर्यंत पोचलं. पंगतीत व्याही भगवंतरावांचा जिलेबीचा हात तोंडापाशी थांबला. ते समाजाचे अध्यक्ष होते. त्यांच्या घरी मांजर नाही, हे अख्ख्या पांढुर्ण्याला ठाऊक होतं.

तिसरंही कडवं झालं. चौथ्याच्या "अन् पोरगी म्हणते—" वर भगवंतरावांनी स्वतः उठून वायर उपटली.

अश्विनी तरातरा मशीनपाशी गेली. गळ्यात हेडफोन घातलेला एक सावळा पोरगा शांतपणे वायर गुंडाळत होता. सौसरचा स्वप्निल. डीजे त्याचाच.

"तुमाले ऐकू येऊन राहिलं होतं ना?"

"हाव."

"मग माईक काहून नाही बंद केला?"

त्यानं जरा विचार केला. "कडवं अर्ध्यात होतं."

"अन् ते संपल्यावर?"

"दुसरं सुरू झालं."

ती भांडायला आली होती. पण त्याच्या तोंडावर हसण्याची एक रेघ नव्हती, फक्त कान तेवढे लाल झाले होते... आणि आणलेलं भांडण कुठे ठेवलं, ते तिला सापडेना.

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "पोरगी काय म्हणते?"

हाच प्रश्न पुढचे आठ दिवस गावाला पडला. चहाच्या टपरीवर माणसं आधी संस्कृती बुडाल्याचं दुःख करत, मग इकडेतिकडे पाहून चौथ्यात काय होतं ते विचारत.

सोमवारी भगवंतराव अश्विनीच्याच सेंटरवर आले. तिचा माफीनामा टाइप करायचा होता, आणि स्टेशन रोडवर प्रिंटर फक्त तिचाच चालू होता.

"लिही. मी, कुमारी अश्विनी मोतीराम..." ते सांगत गेले. "माझ्या निर्लज्ज वागण्यानं..."

"काका, निर्लज्ज जाड अक्षरात करू?"

"कर. रविवारी समाज भवनात माईकवर वाचायचं. नाही वाचलं तं तुझ्या घरच्या लग्नाले समाजातला एक माणूस येणार नाही. अन् बायकांची गाणी कायमची बंद. दोन कॉप्या दे." दारातून ते परत वळले. "त्या चौथ्यात... मीच होतो का?"

घरी मोतीराम म्हणाला, "वाचून टाक, बाई. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांत होते म्हणून तं भीती वाटते, बाबा."

स्वप्निल त्या आठवड्यात चारदा सौसरहून आला. चारही वेळा आधार कार्ड घेऊन.

"काय बदलायचं आहे?" चौथ्यांदा तिनं विचारलं.

"काही नाही. बरोबर आहे का, ते पाहाले आलो."

"अन्?"

"बरोबर आहे," तो तिच्याकडे पाहत म्हणाला. कार्ड खिशातच होतं.

बाहेर संत्र्याच्या फुलांचा वास सुटला होता, बगिचे दूर असूनही. ती स्क्रीनकडे बघत राहिली. स्क्रीनवर काहीच उघडलेलं नव्हतं.

"लोकं गाण्यांच्या चिठ्ठ्या पाठवतात ना तुमाले?" तिनं विचारलं. "कुठे टाकता त्या?"

"बिस्किटाच्या डब्यात. उद्या कोणी म्हणालं, मी नव्हतं सांगितलं, तं?"

"मले स्नेहाच्या लग्नातल्या पाहिजेत. रविवारी."

"दिल्या तं मले पांढुर्ण्यात वाजवाले लगन भेटणार नाही."

"एक बी?"

"एक भेटलं तरी चालते," तो म्हणाला... आणि कान सांभाळत निघून गेला.

रविवारी समाज भवनात उभं राहायला जागा नव्हती. माईक लावायला स्वप्निलच होता. दुसरा कोणी रविवारी मोकळा नव्हता. त्यानं जाता जाता डबा अश्विनीच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही तसं काही झालं नसल्यासारखं केलं.

आधी जयवंता मॅडम बोलल्या. त्या कॉलेजात शिकवायच्या आणि समाजाच्या महिला मंडळाच्या प्रमुख होत्या. "मला संस्कृतीची काळजी नाही," त्या म्हणाल्या. "मला बाईची आहे. बाईच्या खाटेवर हसायचं आणि त्यालाच सक्षमीकरण म्हणायचं? बाजार तर हेच विकतो."

अश्विनीनं माफीनामा घडी करून खुर्चीवर ठेवला आणि डबा उघडला.

"मॅडम, बाजाराचं तुमचं खरं आहे. हा पाहा बाजार. त्या लग्नात वरपक्षाच्या पुरुषांच्या चौतीस फर्माइशी. कंबर अकरा. जवानी नऊ. चोळी सात. छाती चार. उरलेल्या तीन देशभक्तीच्या, त्या नवरदेवाच्या विनायकमामांच्या."

विनायकमामांनी मान ताठ केली.

"काका, यातल्या पाच तुमच्या. खाली सही आहे. भोंगे हेच होते. बाईची कंबर भाड्यानं वाजली तं तुम्ही नाचले. बाई आपल्या तोंडानं बोलली तं तुम्ही बैठक बोलावली. आम्ही काही विकून नव्हतो राहिलो, मॅडम. आम्ही हसून राहिलो होतो. मले काय पाहिजे, ते मी माझ्या तोंडानं म्हणीन. त्याची लाज वाटली तं ती बी माझी मले वाटीन, जाड अक्षरात छापून नको."

जयवंता मॅडमनी चष्मा पुसला. "गाणं मला अजूनही पटत नाही," त्या म्हणाल्या. "भांडू आपण त्यावर, रोज भांडू. पण माफी मागू नकोस."

"ते सगळं ठीक आहे," मागून विनायकमामा म्हणाले, "पण चौथं काय होतं?"

दोनशे माणसं एकदम पुढे झुकली.

"ते त्या दिवशीचं होतं, गेलं," अश्विनी म्हणाली. "चौथं दर वेळी नवं लागते."

भगवंतराव वायरीकडे निघाले. विजेच्या बोर्डासमोर शकुबाई पाय पसरून बसली होती. "बसा, इवाई," ती म्हणाली. "पोरगी अर्ध्यात आहे."

अश्विनीनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"अन् पोरगी म्हणते, नवरा पाहाले गेले गावोगावचे लोक,
माझ्या डोळ्यात भरला वायरवाला एक.
बोलाले तो कमी, बटन त्याच्या हाती,
समोर आला की माझी धडधडते छाती..."

छाती आता पाच झाली. पण ही कोणाची फर्माइश नव्हती.

पहिली टाळी मोतीरामची पडली. त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण वाजवायला घेतली होती, म्हणून वाजवत राहिला. मग बायका उठल्या. बहिष्काराच्या आणि गाणीबंदीच्या ठरावावर सही करायला त्या दिवशी भवनात एकाकडेही पेन निघाला नाही. भगवंतरावांच्या खिशाला दोन होते.

ती मशीनपाशी आली. स्वप्निलच्या कानांची लाली आता मानेपर्यंत उतरली होती.

"तू..." तो म्हणाला, आणि 'तुम्ही' म्हणायला परत गेला नाही. "माझं बी तसंच होऊन राहिलं. मांजरीच्या कडव्यापासून."

"मग सांगाचं होतं."

"आधार कार्ड दाखवलं ना चारदा." मग अगदी गंभीरपणे त्यानं विचारलं, "पाचवं कडवं असते का?"

"असते. पण ते माईकवर नसते."

स्वप्निलनं हात पुढे केला, आणि पहिल्यांदाच, कोणी न सांगता, माईक बंद केला.