मिनिटाला ऐंशी शब्द

कारभारीशी मी पहिल्यांदा बोलले ते चक्क भांडून.

अठ्ठ्याहत्तर सालची थंडी. द्वारका चौकातल्या एका दुकानाच्या माडीवर आमचा टायपिंगचा क्लास होता. सकाळी सहाला जिना चढले, तर दारात एक उंच मुलगा उभा.

"मास्तर आले का?"

तो नुसताच बघत राहिला. पुन्हा विचारलं. ओठ हलले, पण शब्द काही फुटेना.

"अहो, मुके आहात का?" मी फणकारले.

"ना... ना... नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो चांदवडचा. त्याला शिक्षक व्हायचं होतं, पण दोन मुलाखतींत अडखळला आणि हात हलवत परत आला. आता बोलावं लागणार नाही असं काम हवं, म्हणून टायपिंग शिकत होता. मला मिनिटाला ऐंशी शब्दांची लघुलेखनाची परीक्षा पास व्हायचं होतं. एकदा आपटले होते. मी नवसाआत्याकडे राहत होते; वडिलांनी नांदगावहून तिला कळवलं होतं, या खेपेला जमलं नाही तर मालनला परत पाठव, स्थळ बघून ठेवलंय. पण रोज मजकूर वाचून दाखवायला कोणीतरी हवं ना! मास्तरांना आठवड्यातून एकदाच वेळ मिळायचा.

"तुम्ही वाचाल?" मी विचारलं. "माझा हात चालेल, तुमची जीभ."

"मी...? मी वा-वाचू?"

"मग काय मास्तरांचं मांजर वाचणार?"

तो हसला. ठरलं. रोज सहाला यायचं. जो चुकेल त्याने पावशेर चिवडा आणायचा.

पहिले तीन दिवस हाल झाले. दर वाक्याला तो अडे, मी वर बघे, तो आणखी अडे. चौथ्या दिवशी मी लिहिताना मागे पडले, मान वर करायला फुरसतच मिळाली नाही. आणि अचानक लक्षात आलं... तो थांबतच नाहीये! वर्तमानपत्रातला कांद्यावरचा रटाळ अग्रलेख, पण काय तो आवाज! भरदार, शांत. खाली रस्त्यावर ट्रक धडधडत होते, तरी एकेक शब्द लख्ख ऐकू येत होता. माझ्या अंगावर काटा आला. एवढा आवाज या माणसाने इतकी वर्षं कुठे दडवून ठेवला होता?

"मी बघितलं की अडता तुम्ही," मी म्हणाले. "आजपासून तुम्ही वाचताना वर बघणार नाही."

तीन महिने पाळलं मी ते. त्याच्या चपलेचा शिवलेला अंगठा मला पाठ झाला, पण चेहरा नीट आठवेना. एक दिवस तो वेळेवर आला, तोही चिवड्याचा पुडा घेऊन.

"आज तर चुकला नाहीत."

"उद्या... चु-चुकलो तर? आधीच आणून ठेवला."

त्या दिवशी माझी अक्षरंच धड उमटेनात.

परीक्षा झाली. निकाल लागला. पास! पेढे घेऊन धावत जिना चढले, तर तो आधीच उभा, हातात पत्र.

"मुलाखतीत नाव सांगताना अ-अडलो," तो म्हणाला. "मग साहेबांनी धडा वाचायला दिला. मी... पुस्तकातून मान वर केलीच नाही." त्याला नोकरी लागली होती, चांदवडच्या शाळेत. सोमवारी हजर व्हायचं होतं.

दोघांचंही काम झालं होतं आणि आता सहाला यायचं कारणच उरलं नव्हतं.

"मला तुम्हाला... मला..." त्याचा शब्द अडला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

मी वही उघडली, पेन्सिल घेतली, मान खाली घातली.

"सांगा. मी वर बघत नाही."

तो बोलला. अडखळत, थांबत, एकेक शब्द खेचून काढत. मी लिहिलं. अडखळण्याला लघुलिपीत खूण नसते. वहीत उतरलं ते सलग, एकही खंड नसलेलं वाक्य. लिहिलेलं परत वाचून दाखवायच्या रोजच्या नेमाप्रमाणे मी ते वाचून दाखवलं.

"मालन, मला जन्मभर रोज सकाळी तुमच्यासमोर बसून वाचायचंय."

त्याने आपलं वाक्य असं न तुटलेलं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

"उ-उत्तर राहिलं."

मी त्या ओळीखाली लघुलिपीतली 'हो'ची छोटीशी रेघ ओढली आणि वही त्याच्यापुढे सरकवली. लघुलिपी त्याला येत नव्हती. तरीही त्याने ती वाचली. मग तीन महिन्यांचा नेम मोडून मी वर बघितलं.