एकशे सात नंबरचा डबा

दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातच्या सुमाराला ओगोलाची हातगाडी कारागिटा वस्तीतून कारखान्याच्या फाटकाशी येई. गाडीवर घरोघरच्या संडासांतले निळे झाकणबंद डबे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने घराचा नंबर. न्यागुथी एकेक डबा काट्यावर ठेवायची, वजन वहीत लिहायची आणि मागच्या टाकीत उपडा करायची. टाकी ऊन एकवटणाऱ्या मोठमोठ्या आरशांनी तापवलेली असे. विष्ठेतली रोगराई तिथे मरायची. मग त्यात कोळशाची भुकटी मिसळून फिरत्या पिंपात मुठीएवढे गोळे वळायचे आणि तीन आठवडे मांडणीवर वाळवायचे. बसथांब्यावरचा चहा त्याच गोळ्यांवर उकळे, आणि पिणाऱ्यांना ते ठाऊक असे.

पाच वर्षांत न्यागुथी एक गोष्ट पक्की शिकली होती. नजर काट्यावर ठेवायची, डब्यात कधीच नाही. नाक आठवड्याभरात सरावतं. डोळ्यांना शिकवावं लागतं.

तिची आई, गाथोनी, नेमकी उलटी. ती तळ्याकाठच्या फुलांच्या मळ्यात गुलाब निवडायची. टाकाऊ फुलांच्या पांढऱ्या पाकळ्या ॲप्रनमध्ये बांधून घरी आणायची आणि संडासाच्या डब्यात सगळे जिथे राख टाकतात तिथे पाकळ्या टाकायची. "लाल नकोत," ती म्हणायची. "पाकळी कुठली आणि रक्त कुठलं, कळायला नको का?" न्यागुथी लहान असताना आई बघितल्याशिवाय तिचं भांडं कधी रिकामं करत नसे. जंत आहेत का, आव पडते का, सगळं वाकून बघायची. "तोंड खोटं बोलतं," म्हणायची. "हे नाही बोलत."

आई गेली ती एका गुरुवारी. इस्पितळातला तरुण डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "पोटातल्या पोटात महिनाभर तरी रक्त जात होतं. शौचाला डांबरासारखं काळं होत असणार. कुणी पाहिलं नाही का?"

आईच्या खोलीचा, एकशे सात नंबरचा डबा त्या महिन्यात आठ वेळा न्यागुथीच्या हातातून गेला होता.

दफन ओल कालोला झालं, आईच्या माहेरच्या जमिनीत. स्वयंपाकासाठी न्यागुथीने कारखान्यातून गोळ्यांची दोन पोती नेली होती. मावशीने तीन दगडांवर मका-घेवड्याच्या गिथेरीचं पातेलं चढवलं. "धूर नाही की वास नाही," ती म्हणाली. "फक्त कशाचे आहेत ते पाहुण्यांना सांगू नकोस, नाहीतर जेवतील कसे?" बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. न्यागुथीही हसली. मग तिची नजर पोत्यावरच्या खडूच्या तारखेकडे गेली. वळून तीन आठवडे झालेले. तिने मनात मोजलं, त्या आठवड्यात आईचा डबाही टाकीत गेला होता, आणि हातातली थाळी खाली ठेवली. दोनशे माणसं जेवून गेली. तिने नुसता चहा घेतला. पोटात जळजळत होतं, डोकं दुखत होतं. रडल्यामुळे असेल म्हणून तिने डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या. त्या गोळ्या मग रोजच्याच झाल्या.

अठरा दिवसांनी, एका सोमवारी, ती कामावर परतली. कारखान्याचा जिना चढताना मध्येच थांबावं लागलं. ओगोलाने गाडी लावली. दहावा डबा तिने उचलला, काट्यावर ठेवला, आणि नंबर लिहिण्यासाठी पाहिलं. एकशे सात.

काटा साडेतीन किलोवर थांबला.

"ओगोलाकाका, हा कुठला?"

"नंबर वाच की. शाळेत गेलीस ना तू?"

"ती खोली बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे."

प्रत्येक संडासाला गल्लीच्या बाजूने छोटी झडप असे. तिथून भरलेला डबा काढायचा आणि रिकामा सरकवायचा. एकशे सात बंद करा, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मी आपला ठेवत गेलो," तो म्हणाला. "भरलेला मिळत गेला. मला वाटलं, तू राहतेस तिथे."

न्यागुथीने झाकण उचललं. वर पांढऱ्या पाकळ्यांचा थर होता. कडेपर्यंत, सारखा, हाताने पसरलेला. तिने बोट लावलं. मळ्याच्या शीतघरातून नुकत्या काढलेल्या फुलांसारख्या त्या गार होत्या. बाहेर ऊन चढलं होतं.

तिने झाकण लावलं आणि डबा न बघता उपडा केला.

दुपारी ती आईच्या खोलीवर गेली. कुलूप होतं तसंच. आत पातेली उपडी, पलंगावर घडी घातलेली चादर, जमिनीवर धूळ आणि धुळीत एकही पाऊल नाही. संडासाच्या कोपऱ्यात पाकळ्यांची टोपली, तळाशी तपकिरी चुरा. शेजारची चेबेट दारात येऊन उभी राहिली.

"काही हवंय का, बाई?"

"इथे कुणी येतं का?"

"मधे पत्रा आहे. तिकडे उंदीर पळाला तरी मला कळतं. कुणी नाही येत." चेबेट जराशी घुटमळली. "शेवटी शेवटी मी तिला म्हटलं होतं, लेकीला सांग. तर म्हणाली, तिला कशाला घोर? मानागूची भाजी जास्त खाल्ली की होतं असं काळं. मीही म्हटलं, होत असेल. काळीकुट्टच असते ना ती भाजी."

म्हणजे आईने पाहिलं होतं. पाहूनही चुकली होती. आणि जिला डॉक्टरकडे न्यायला जमलं असतं, ती काट्याकडे बघत होती.

न्यागुथीने नवा डबा स्वतः धुतला, वाळवला, आतून बसवला. गल्लीतल्या झडपेला नवं कुलूप लावलं, खोलीलाही दुसरं लावलं. दोन्ही किल्ल्या दोरीत ओवून गळ्यात घातल्या. कुणीतरी थट्टा करतंय, असं तिने स्वतःला बजावलं. मळ्यात हजारभर बाया आहेत. पाकळ्या काय, कुणीही आणेल.

गुरुवारी सकाळी ती ओगोलाबरोबर गेली. दोन्ही कुलपं शाबूत होती. तिने झडप उघडून डबा ओढला. मनगटाला वजन कळलं.

"नको बघूस, पोरी," ओगोला म्हणाला. "मी नेतो, टाकतो. नदीत टाकतो हवं तर."

"काका, बाजूला व्हा."

तिने झाकण काढलं. पाकळ्या ताज्या होत्या, पाण्याचे थेंब अजून त्यांच्यावर. वाळकी काटकी घेऊन तिने थर बाजूला सारला. गेल्या पाच वर्षांत तिने पहिल्यांदाच आत पाहिलं.

काळं होतं. डांबरासारखं, चिकट, चकाकणारं. काटकी वर काढली तेव्हा तार निघाली.

न्यागुथी गल्लीतच खाली बसली. पलीकडच्या घरात कुणीतरी चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली घोटत होतं, पळीचा आवाज सारखा येत होता. तिला रडू आलं नाही.

"बघितलं," ती म्हणाली. "आता बघितलं ना, आई."

ओगोलाने टोपी काढून हातात धरली.

त्याच दिवशी एकशे सात बंद झाला. तिने डबा तीनदा उकळत्या पाण्याने धुतला, नंबरावर रंग फिरवला. खोली रिकामी करून मालकाला किल्ली दिली. ओगोलाच्या यादीतली ती ओळ तिने स्वतः खोडली. तो म्हणाला, "झालं. पुढच्या खेपेला काही नसेल बघ." त्याचं म्हणणं खरं ठरलं. सोमवारच्या गाडीवर एकशे सात नव्हता. गुरुवारी नव्हता. नंतरच्या सोमवारीही नाही.

न्यागुथीला थकवा तेवढा राहिला. नळावरून पाणी आणताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. चेबेट रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "किती पांढरी पडलीस गं. ओठ बघ." दुःखात माणूस उतरतंच. न्यागुथीने चहाबरोबर दोन गोळ्या घेतल्या.

तिची स्वतःची खोली दोन गल्ल्या पलीकडे, नंबर दोनशे बारा. तिथे पाकळ्या कधीच नव्हत्या. संडासाशेजारी राखेचं डबडं असे. उठायचं, मान वर ठेवून दोन मुठी राख टाकायची, झाकण लावायचं. आईने कितीदा टोकलं होतं, तरी ती सवय गेली नव्हती.

गुरुवारी सकाळी साडेसहाला गल्लीत गाडीची चाकं वाजली. एरवी ओगोलाच झडपेतून डबा काढायचा. आज का कोण जाणे, तिनेच आतून झाकण उचललं.

पांढऱ्या पाकळ्या.

कडेपर्यंत नव्हत्या. एका बाजूला छोटा ढीग, काहीतरी दाखवायला जागा सोडून ठेवल्यासारखा.

"पोरी, डबा काढू का?" बाहेरून ओगोलाने पत्र्यावर टकटक केली.

"थांबा, काका," ती म्हणाली. "बघतेय."

ती वाकली. कालची राख तिने टाकली तशी राहिली नव्हती. कुणीतरी ती हाताने एका कडेला सारली होती. राखेत चार बोटांच्या रेघा उमटल्या होत्या, जवळजवळ, आईच्या हाताएवढ्या. आणि जिथून राख सारली होती, तिथे खाली काळं चकाकत होतं.