सोबत येणारी व्यक्ती

"वाचनालयातल्या त्या कॉम्प्युटरवर रातचं बसलं की आकाराम येतोय, आन् बसलेल्याला घेऊन..."

चहाच्या गाड्यावर एवढंच कानावर आलं. मला बघितलं आणि सगळे गप्प! पण पोरांनो, कबनुरातली कुठली गोष्ट माझ्यापासून लपलीय? आकाराम म्हणजे आपला जुना ग्रंथपाल. आषाढात वारला. आणि पुढचं घडलं ते माझ्या भिंतीपलीकडच्या फक्रुद्दीनचाचांना.

मार्गशीर्ष अमावस्या, शुक्रवार. चाचा पूर्वी यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी, त्यामुळं टायपिंग यायचं. मदिनाचाची गेल्यापासून घरात एकटे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजवाही धूसर. मोफत ऑपरेशनचा ऑनलाइन अर्ज त्या रात्री बारापर्यंतच घेणार होते.

"चाचा, निवांत भरा. मी जेवून आलोच," म्हणून नवी ग्रंथपाल संयोगिता घरी गेली.

अर्ज मधेच बंद पडतो, म्हणून आकारामनं एक शिस्त लावलेली: आधी सगळं वाचनालयाच्या ऑनलाइन कागदावर लिहायचं, मग उचलून अर्जात टाकायचं. त्या कागदावर दुसऱ्या कुणी कुठूनही लिहायला घेतलं की त्याची रंगीत रेघ लुकलुकते, वर त्याचं नाव. चाचांनी अक्षरं मोठी केली. नाव लिहिलं. वय. डोळा डावा. मग आलं, 'सोबत येणारी व्यक्ती.' ते रिकामं ठेवलं तर अर्जच जाणार नव्हता.

हात थांबला. कोण येणार?

तेवढ्यात वीज गेली. गावभरची मागांची खडखड एकदम बंद.

पण पडदा... पडदा चालूच.

त्यावर दुसरी एक रेघ लुकलुकली. हिरवी. वर नाव, आकाराम.

"आकाराम... तू हाईस व्हय?"

शेजारची खुर्ची करकरली.

रेघ हलली. एक अक्षर. मग दुसरं...

चाचा वहाणा तिथंच टाकून पळाले. अर्ज न पाठवता.

सोमवारी मला दवाखान्यातून फोन. "फक्रुद्दीन यांच्यासोबत तुम्हीच येणार ना? अर्जात लिहिलंय. नातं, शेजारी."

गेलो. ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी बांधलेले चाचा माझा हात चाचपत म्हणाले, "धैर्यशील, खुदाकसम, मी न्हाय लिवलं तुझं नाव."

"मग मला सांगायला काय झालंतं?"

"तुला कशाला तरास..."

"संयोगितानं पाठवला असंल अर्ज."

"इचारलं की तिला. ती आली तवा कॉम्प्युटर बंदच हुता."

तर आकाराम येतो, एवढं खरं. घेऊन मात्र कुणालाच गेला नाही.

फक्त एक राहिलं. चाचांकडं माझा नंबर कधीच नव्हता. भिंतीवरून हाक मारली की भागायचं. अर्जात होता तो नंबर मी दिवाळीत नवा घेतलेला.

आणि आकाराम गेला आषाढात.