बिनमिठाची छाप

विश्वास ठेवा, नका ठेवू. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. फक्त कंपनीचं नाव मी घेणार नाही.

ही माझ्या मावसबहिणीची, दीक्षाची गोष्ट. मागच्या वर्षीच्या जुलैतला मंगळवार. जागा हैदराबादेत, हिमायतनगरला. भुतं रात्री येतात म्हणतात ना? ही वेळ भर दुपारची होती.

तीन वाजून दहा मिनिटं.

दीक्षा एका औषधकंपनीत होती. दवाखान्यांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर चढवायच्या, हे तिचं काम. तिच्याआधी त्याच खुर्चीत तिचा सख्खा भाऊ बसायचा. गौतमदादा. अकरा जुलैला, बसल्या जागी त्याचं हृदय बंद पडलं. वय चौतीस.

दादाच्या जागी दीक्षा लागली. त्याचं लॉगिन बंद करायचं कामही तिच्याकडेच आलं. तिने ते केलंच नाही. आज करू, उद्या करू. यादीत त्याचं नाव दिसलं की तिला बरं वाटायचं. वेडी पोरगी!

दादाला जाऊन दोन वर्षं झाली, त्या दिवशी शुक्रवार होता.

त्या शुक्रवारपासून दादाच्या नावाने कोणीतरी आत येऊ लागलं...

रोज तीन वाजून दहा मिनिटांनी. इन्सुलिनच्या ऑर्डरी एकामागून एक अडकायच्या. प्रत्येकीवर शेरा एकच.

"थांब."

दवाखान्यांचे फोनवर फोन. मालक एकनाथराव तसे देवमाणूस, पण मंगळवारी त्यांचाही तोल सुटला.

"दीक्षाबाई, मेलेला माणूस ऑर्डरी अडवत नाही. पाच वाजेपर्यंत सांगा हे कोणी केलं. नाहीतर मी पोलिसांत जाणार. उद्या एखादा पेशंट दगावला तर?"

"साहेब, शपथ घेऊन सांगते, मी नाही केलं!"

"मग कोणी केलं?"

घरी तिची आई, म्हणजे माझी विठामावशी, आणि ती, दोघीच. पोरीला पोलिसांनी नेलं तर मावशी जीवच सोडेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

तिने सॉफ्टवेअरवाल्या प्रशांतला फोन लावला.

"अक्का, ऐका," तो म्हणाला. "हे सॉफ्टवेअर पासवर्ड साठवत नाही, त्याची छाप साठवतं. हॅश म्हणतात तिला. समजा अंगठा नाही, अंगठ्याचा ठसा. पण तुमचा हा जुना डब्बा असा आहे, की त्याला नुसता ठसा दाखवला तरी पुरतं. अंगठा लागतच नाही."

"म्हणजे... माणूस नसला तरी चालतं?"

"हौ. छाप असली की दरवाजा खुला."

दीक्षाच्या अंगावर काटा आला.

"थांबा, यादी बघतो... अरे! इसमें नमक बी नैं डाले!"

"मीठ?"

"प्रत्येकाच्या पासवर्डात थोडी वेगळी भेसळ करतात. आम्ही त्याला मीठ म्हणतो. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी छाप वेगळी पडते. इथे मीठच नाही. आणि अक्का..."

"बोला ना, प्रशांत!"

"तुमची छाप आणि गौतमसरांची छाप... एकच आहे. म्हणजे पासवर्ड एकच. बघणारा काय समजेल? त्यांच्या नावाने तुम्हीच आत जाताय."

लहानपणी चिक्कडपल्लीच्या गल्लीतून ती पुढे पळायची आणि मागून दादा ओरडायचा, "थांब, मने!" दीक्षाला मनी म्हणणारा तो एकटाच. तेच दोन शब्द इंग्रजी अक्षरांत तिने पासवर्ड म्हणून ठेवले होते. दादा गेल्यानंतर. कोणालाही न सांगता.

"त्याने... दादाने हा पासवर्ड कधी ठेवला, दिसतं का?"

"दिसतं ना. दोन वर्षांपूर्वी. अकरा जुलै, दुपारी तीन दहा."

त्या दिवशीचा डॉक्टरांचा कागद दीक्षाला पाठ होता. मृत्यूची वेळ...

दोन चाळीस.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती. ती धावत जाऊन एकनाथरावांना घेऊन आली.

"साहेब, इथेच उभे राहा. फक्त माझ्या हातांकडे बघा."

तिने दोन्ही हात वर धरले.

खाली हिमायतनगरचा रस्ता. तिथले हॉर्न कधी बंद होत नाहीत.

ते बंद झाले...

टक्. टक्. टक्.

कीबोर्डचा आवाज. पण बटणं हलत नव्हती.

पडद्यावर एकेक ऑर्डर लाल होत गेली. थांब. थांब. थांब.

एकनाथराव ओरडले, "दीक्षाबाई, ते नाव काढा! आधी ते नाव काढा!"

"दादा, माफ कर रे..." ती हुंदके देत होती. पण तिने यादीतून गौतमचं नाव काढलं.

आवाज थांबला. हॉर्न पुन्हा ऐकू येऊ लागले. एकनाथरावांनी हात जोडले. "पोरी, मी तुझ्यावर उगाच आळ घेतला," म्हणाले.

दीक्षा पाणी प्यायला उठली. दारापर्यंत गेली.

टक्...

पडद्यावर नवी ओळ उमटली होती. आता नाव दादाचं नव्हतं.

नाव दीक्षाचं होतं. छाप एकच होती ना.

"थांब, मने."

पोलिसांत कोणी गेलं नाही. दीक्षाने त्याच दिवशी नोकरी सोडली. एकनाथरावांनी सॉफ्टवेअर बदललं. त्या इन्सुलिनमध्येच काही खोट होती का, हे कोणी तपासलं नाही. तिथे पुन्हा काही घडलं नाही.

तिथे.

आमच्या घरात दृष्ट, उतारा असलं काही कोणी मानत नाही. विठामावशी तर मानणाऱ्यांना तोंडावर झापते. तीच मावशी आता दीक्षाच्या पर्समध्ये मिठाची पुडी ठेवते. विचारलं तर म्हणते, "माझा काय बी विश्वास नाही. पण तो प्रशांत म्हणला ना, मीठ नव्हतं म्हणून."

तेव्हा मला हसू आलं होतं.

मागच्या रविवारी आम्ही दोघी अफझलगंजला गेलो. पर्स ती घरीच विसरली होती. दुपारी आम्ही रस्ता ओलांडत होतो. मधोमध आलो आणि दीक्षा उभी राहिली. कान देऊन ऐकत...

"चल ना गं!" मी हात ओढला. हलेना. सगळा जोर लावला, तरी हलेना.

बस आली. ड्रायव्हरने कसाबसा ब्रेक मारला. जेमतेम वीतभर अंतर राहिलं. "मरना है क्या, अम्मा?" तो ओरडला. आणि त्याच क्षणी, आमचं पुढचं पाऊल जिथे पडणार होतं तिथून एक लॉरी सुसाट निघून गेली.

"दादाने हाक मारली," दीक्षा म्हणाली. ती हसत होती.

मला घड्याळ बघायची गरज नव्हती.

लहानपणी तो तिला गाड्यांपासून वाचवायलाच हाक मारायचा, हे मला माहीत आहे. पण त्या रविवारी त्याने तिला लॉरीपासून वाचवायला थांबवलं, की बसखाली घालून सोबत न्यायला... हे मला अजून कळत नाही.

मावशीला मी काही सांगितलेलं नाही. मिठाची एक पुडी मात्र आता माझ्याही पर्समध्ये असते.