खड्याची जागा

"परत एक पान जास्त! पाहुणीला धरून माणसं चार नि पानं पाच. मला काय मोजता येत नाय?" पळसाची पानं मांडता मांडता राहीबाई स्वतःवरच करवादली.

शेजारी बसलेल्या सासूनं, ठमाबाईनं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाचवं पान मात्र दोघींपैकी कुणी उचललं नाही. शिमग्यापासून हे असंच चाललं होतं. त्या जास्तीच्या पानाखालची सारवलेली भुई रोज ओली व्हायची. ओली, नि कोमट.

सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून कोसभर वर, रानात ही वाडी. वाडीची उत्पत्ती ठमाबाई सांगायची. कुंडातून दोघी बहिणी निघाल्या. थोरली वर आली, तिची ही वाडी. धाकटी पाण्यातच राहिली, थोरली नावानं हाक मारील म्हणून कान देऊन. म्हणून गोष्टीत तिचं नाव आलं की सांगणारीनं गप्प व्हायचं, आणि भुईवर एक खडा ठेवायचा.

एकदाच ते नाव बाहेर पडलं होतं. बासष्ट सालच्या पावसाळ्यात गोष्टी टिपायला पुण्याच्या विनोदिनीबाई आल्या होत्या. ठमाबाईच्या तापात त्यांनी पाय चेपले, पेज भरवली. पोटच्या लेकीनं काय वेगळं केलं असतं? म्हातारीनं त्यांच्या कानात नाव सांगितलं. "कागदावर नको गो बाय."

"तुमच्या गळ्याची शपथ, मावशी."

आज दोन वर्षांनी बाई पुस्तक घेऊन आल्या होत्या. 'आदिवासींच्या उत्पत्तिकथा'. आत ठमाबाईचा फोटोही होता. तिनं तो पाहिलासुद्धा नाही.

"नाव नाय ना घातलंस?"

"ऐका तर!"

राहीबाई भात वाढत होती. बाई वाचू लागल्या. शब्द न् शब्द ठमाबाईचा. धाकटीची जागा जवळ आली तसा म्हातारीचा हात आपसूक खडा चाचपू लागला.

बाईंनी नाव वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट.

ठमाबाईच्या लेकानं, चांगूनं, मान खाली घातली.

"कधी छापलंस?" ठमाबाईनं विचारलं.

"शिमग्याच्या सुमाराला. मावशी, नावाशिवाय कथा अपुरी राहिली असती हो!"



चार पानांवरचा भात निवला होता. पाचव्यावरचा अजून वाफाळत होता.

"हे पान कुणाचं?" हसत विचारून बाईंनी पदर सावरला. पदर ओला लागला.

ठमाबाईनं हातातला खडा दाराबाहेर टाकून दिला.

"मी तुला लेक म्हटलं व्हतं," ती म्हणाली. "तू हाक मारलीस, ती आली. शिमग्यापासून आमच्यात जेवते. आज तिकडनं उठून तुझ्यामागं बसलीय, बाय. तिला तिची थोरली गावली."