अण्णांच्या अंगठ्याची खूण

दिवा राहू दे बारीक. आणि मधे बोलू नका रे. माझ्या ओळखीच्या एका पाववाल्याचं हे. त्यानं सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही नाही.

त्यांच्याकडे पाव पणजोबांपासूनचा. सगळी कृती खमिरात, म्हणजे पाव फुगवणाऱ्या आंबवलेल्या पिठात होती. रोज मळून झालं की वडील, म्हणजे अण्णा, पिठातून दोन गोळे काढून ठेवायचे. एक थोरल्या मुलाच्या बरणीत, एक धाकट्याच्या, म्हणजे या पाववाल्याच्या. एकाचं नासलं तर दुसऱ्याचं जगावं, म्हणून. गोळ्यावर अंगठा दाबायचे. अंगठ्याला सुरीचा आडवा व्रण होता, तोही उमटायचा. अण्णा गेले, तरी दोन बरण्यांची रीत मोडली नव्हती.

गेल्या डिसेंबरात, सोमवार सरून मंगळवार लागलेला, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झालेली. धाकटा नेहमीसारखा मळायला आला. बघतो तर दोन्ही बरण्या रिकाम्या. धुऊन उपड्या घातलेल्या.

त्यानं फोन लावला. "दादा, बरण्या कुणी धुतल्या?"

"मी."

"माझीपण?"

"चौकातल्या नव्या बेकरीवाल्याला दिलं खमीर. कृतीसकट. दुसऱ्या कुणाकडे राहायला नको म्हणाला. तुला कामावर ठेवतोय तो. सकाळी सांगणारच होतो."

"मलापण बांधून दिलंस की रे खमिराबरोबर! वजन करून घेतलं का त्यानं माझं?"

थोरला म्हणाला, "थांब, येतो."

धाकटा पिठाच्या पोत्यावर बसून राहिला. परका असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. सख्ख्या भावाला काय देणार? उद्यापासून भट्टी कशासाठी पेटवायची?

आतल्या खोलीत आवाज झाला.

थप.

मळायच्या फळीवर.

थप... थप... मग थोडा थांबा. दम घेतल्यासारखा.

अण्णा असंच मळायचे. तीन थापा, एक श्वास.

बसल्या जागेवरूनच त्यानं हाक मारली.

"अण्णा...?"

आवाज थांबला.

...

थोरला आला तेव्हा धाकट्यानं नुसतं आत बोट दाखवलं. दोघं गेले. कुणी नव्हतं.

फळीच्या दोन बाजूंना दोघे भाऊ मळायचे; त्यातल्या धाकट्याच्या बाजूला एक गोळा होता. ओला. फुगत चाललेला. तोच आंबूस वास. वर अंगठा उमटलेला. आडवा व्रण.

थोरल्यानं आपली बाजू चाचपली. वाकून फळीखाली पाहिलं.

"माझा...?"

त्याची बाजू पुसून लख्ख केलेली. पिठाचा कणसुद्धा नव्हता.